घडी न मोडलेल्या साड्या

आमच्या थोरल्या जाऊबाई वृंदावहिनी रोह्याच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. पुढची दोन वर्षं त्यांनी काय केलं ते कुणाला ठाऊक नाही, कारण कुणी विचारलंच नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनी फोनवर साड्या विकायला काढल्या आणि पेणपासून कोलाडपर्यंत आमच्या सगळ्या खानदानाची झोप उडाली.

नवीन साड्या नव्हेत. घरातल्याच, नको असलेल्या. तुम्ही म्हणाल, त्यात झोप उडण्यासारखं काय आहे, हल्ली सगळेच विकतात. माझी लेक उर्वीसुद्धा तिचे बारीक असतानाचे ड्रेस विकते. पण ते ड्रेस तिने स्वतः घेतलेले असतात. वृंदावहिनींच्या कपाटातल्या साड्या आम्ही दिलेल्या होत्या.

आमच्या घराण्याबद्दल जरा सांगायला हवं. आमची जमीन कूळकायद्यात गेली, पण मानपान कुठल्याच कायद्यात गेला नाही. लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत, डोहाळजेवण, काहीही असो, साडी द्यायची आणि साडी घ्यायची. ही साडी नेसण्यासाठी नसते. ती 'देण्याघेण्याची' साडी. दुकानातही ती वेगळ्या फळीवर असते आणि दुकानदार विचारतोच, "नेसायला दाखवू की द्यायला?" द्यायला म्हटलं की तो उभाही राहत नाही, बसल्या बसल्या गठ्ठा पुढे सरकवतो.

अशी साडी घरी आली की तिची घडी मोडायची नाही. पिशवीत ठेवायची आणि पुढच्या कार्याला दुसऱ्या कुणाला तरी द्यायची. आमच्या सासूबाईंनी यासाठी एक शिस्त घालून दिली होती. प्रत्येक साडीला टाचणीने चिठ्ठी लावायची: कुणी दिली, कशात दिली, कुठल्या साली. नाहीतर ज्याची साडी त्यालाच परत जायची आणि दोन घरांचं बोलणं बंद व्हायचं. वृंदावहिनींनी ही शिस्त शेवटपर्यंत पाळली. मी पेणला वेगळं बिऱ्हाड केल्यावर सोडून दिली, होत्या त्या चिठ्ठ्याही काढून टाकल्या. टाचण्या गंजतात आणि रेशमाला डाग पडतात. शिवाय माझी आठवण चांगली आहे, असं मला वाटत होतं.

तर निवृत्तीनंतर एक दिवस वहिनींच्या कपाटाचं दार लागेना. त्यांनी सगळ्या साड्या पलंगावर काढून मोजल्या, तर एकशे चौदा भरल्या. त्यांनी उर्वीला फोन करून विचारलं, "तू ते कपडे विकतेस ते कसं गं?" उर्वीने फोनवरूनच सगळं शिकवलं. माझीच लेक, त्यामुळे मला कुणाला दोष देता येत नाही.

दर मंगळवारी दुपारी चार वाजता वहिनींचं लाइव्ह सुरू व्हायचं. पहिल्याच दिवशी मी लावून बसले. पडद्यावर आधी रोह्याच्या घरातली भिंत दिसली, मग आमचे थोरले भाऊजी, त्र्यंबकराव. धाटावच्या कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस, दोन्ही हातांनी पडद्याची दांडी आडवी धरून उभा होता आणि दांडीवर साडी टाकलेली होती. भाऊजींचा चेहरा शाळेत अंगठे धरून उभ्या केलेल्या पोरासारखा. मग वहिनींचा आवाज आला.

"शेवटपर्यंत सगळ्यांना ऐकू येतंय का? येत असेल तर 'हो' लिहा. अंगठे दाखवू नका, शब्द लिहा."

साठ-सत्तर बायकांनी निमूटपणे 'हो' लिहिलं.

"साडी क्रमांक एक. मोरपंखी. दुकानदार हिला रेशीम म्हणाला असेल, पण रेशीम नाही. आमच्या नणंदबाई नूतनताई, राहणार कोलाड, यांनी माझ्या मुलाच्या लग्नात दिली. घडी मोडलेली नाही. का मोडली नाही ते तुम्हाला दिसतंच आहे. पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग जाईल. उजेडात बघा. अहो, जरा खिडकीकडे वळा."

भाऊजी दांडीसकट खिडकीकडे वळले.

मी हसून हसून लोटपोट झाले. नूतनताईंची चिठ्ठी जशीच्या तशी वाचली की हो बाईने. पाच मिनिटांत नूतनताईंचाच फोन आला. त्या रडत होत्या की भांडत होत्या ते मला कळेना. त्यांनी आधीच रोह्याला फोन लावून वहिनींना विचारलं होतं की नाव कशाला घ्यायचं. त्यावर वहिनी म्हणाल्या होत्या, "तुम्ही दिलीत ना? मग नाव घेतलं तर बिघडलं कुठे? साडी चांगली असती तर तुम्हीच म्हणाला असता, नाव घ्या म्हणून."

मी नूतनताईंची समजूत घातली. घालताना मला फार बरं वाटत होतं, ते लपवत नाही.

गंमत म्हणजे ती साडी दोन मिनिटांत गेली. सगळ्याच जायच्या. बाकीचे विकणारे 'फक्त एकदाच नेसलेली' म्हणून सांगतात आणि घरी आल्यावर पदराला वरणाचा डाग निघतो. इथे एक बाई कॅमेऱ्यासमोर सांगत होती की ही साडी टोचते, हिचा काठ दोन धुण्यांत आक्रसेल, ही फक्त घरात नेसा, पाहुणे आले तर बदला. साताऱ्याच्या, नांदेडच्या बायका तिच्या शब्दावर डोळे मिटून पैसे पाठवू लागल्या. लांबी दाखवायला भाऊजी साडी खांद्यावरून घ्यायचे. पुढे पुढे बायका लिहायच्या, 'काकांच्या अंगावर खुलतेय, तीच द्या.' आणि भाऊजी, खोटं कशाला सांगू, लाजायचे.

इकडे खानदानात मात्र मंगळवार म्हणजे निकालाचा दिवस झाला. चार वाजले की पेणच्या, वडखळच्या, कोलाडच्या घराघरांत आमच्या बायका फोन समोर धरून देव पाण्यात घालून बसायच्या. पुढची चिठ्ठी कुणाची? 'आपली माणसं' नावाचा आमचा एक ग्रुप आहे. एरवी त्यावर फुलांची चित्रं येतात. आता मंगळवारी सव्वाचारपर्यंत स्मशानशांतता, आणि मग ज्यांची साडी त्या दिवशी निघाली नाही त्या एकदम प्रेमळ व्हायच्या. वडखळच्या इंदूआत्यांची तर कमाल. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांची अंजिरी साडी निघाली, तेव्हा नाव उच्चारायच्या आत त्यांनी शेजारणीच्या फोनवरून ती स्वतःच बुक केली. कुरिअरचा खर्च भरला तो वेगळाच. आणि महिन्याभरात तीच साडी एका डोहाळजेवणात देऊन मोकळ्या झाल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

आता माझी गोष्ट. रोह्याच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा मी वहिनींना एक साडी दिली होती. वांगी रंगाची, जरीचे काठ. सतरा वर्षं होऊन गेली, पण ती मला आठवते, कारण देताना मी सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, "वहिनी, खास तुमच्यासाठी आणली." वहिनींनी साडी हातात घेतली, थोडा वेळ बघितली, "छान आहे" म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. कधी कुणी धड काही दिलं नसेल, म्हणून भरून आलं असेल, असं मी तेव्हा आमच्या ह्यांना सांगितलं होतं.

खास आणली होती का? तर नाही. माझ्या पिशवीतलीच होती. पण बऱ्यापैकी जड होती, आणि आमच्यात तेवढं असलं की खास म्हणायची पद्धत आहे.

पहिले काही मंगळवार माझाही जीव टांगणीला लागला. वांगी रंग दिसला की मी फोन डोळ्यांजवळ न्यायचे. पण तीन महिने झाले, चार झाले, माझी साडी काही निघेना. नूतनताईंच्या सहा निघाल्या. आत्यांच्या चार. माझ्या किरकोळ दोन निघाल्या, त्यांना वहिनी 'बऱ्या आहेत' म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून हे म्हणजे पैकीच्या पैकी. वांगी मात्र निघाली नाही. हळूहळू माझ्या भीतीचा अभिमान झाला. एवढ्या शंभर साड्यांतून बाईने एक ठेवली, ती माझी. मग मला राहवेना. मी ग्रुपवर लिहिलं, 'वहिनींनी आमची वांगी साडी काही काढली नाही हो. मनापासून दिलेलं माणूस जपतं.' त्यावर नूतनताईंनी दोन दिवस काही लिहिलं नाही. मी भाजी आणायला गेले तरी ओळखीच्या बाईला थांबवून हा विषय काढायचे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण मी शाळेत लिहिली होती, वाचली होती, पण स्वतःला कधी लावली नव्हती.

सहा महिन्यांनी वहिनींनी जाहीर केलं की येत्या मंगळवारी शेवटचं लाइव्ह, बारा साड्या उरल्यात. मी ठरवलं, रोह्याला जायचंच. समोर बसून, सगळ्यांच्या देखत, माझी साडी का ठेवली ते वहिनींच्या तोंडून वदवून घ्यायचं. ज्या बाईने सगळ्यांची लक्तरं वेशीवर टांगली, तिने माझं नाव चारशे बायकांसमोर चांगल्या शब्दांत घेतलं, की पुढची दहा वर्षं कुठल्याही कार्यात मला खुर्ची मागावी लागणार नव्हती.

सकाळच्या एसटीने गेले. दारात सगुणा बसली होती. वीस वर्षं वहिनींकडे धुणंभांडी करते, आता पार्सलंही बांधते. चिकटपट्टी दातांनी तोडत होती. मी म्हटलं, "काय गं, आता जुन्या साड्या सगळ्या फोनवर जातात. तुझं नुकसान झालं."

"नुसकान कसला?" ती म्हणाली. "दर दिवालीला एक द्यायच्या. न्यायला लागायची, नाय कशी म्हणणार? एक पन नेसले नाय मी. सगल्या गोधडीला लावल्या. आता बाई रोख देतान. माझी मी घेतंय, माझ्या पसंतीची." मग मला वरून खालपर्यंत बघून म्हणाली, "तुमची ती काय गो बाई, हिरवी व्हती ना, ती पन गोधडीतच हाय."

मी आत गेले.

बरोबर चारला लाइव्ह सुरू झालं. मी कॅमेऱ्याच्या अलीकडे, वेताच्या मोड्यावर बसले होते. वहिनी एकेक चिठ्ठी काढत होत्या, भाऊजी दांडी वरखाली करत होते. सवयीने त्यांना आता सांगावं लागत नव्हतं, 'जरीचे' म्हटलं की काठ पुढे करायचे. अकरा झाल्या, बारावी झाली. कपाटाचं दार उघडं होतं आणि वरच्या फळीवर एकच घडी दिसत होती. वांगी.

वहिनी समारोपाचं बोलायला लागल्या आणि तेवढ्यात नांदेडच्या कुणा बाईंनी लिहिलं, 'ताई, मागे कपाटात दिसतेय ती वांगी रंगाची केवढ्याला?'

"ती विकायची नाही," वहिनी म्हणाल्या.

'का हो ताई? फार सुंदर दिसतेय. कुणी दिलेली?'

वहिनींनी वाचलं आणि त्या काढलेल्या चिठ्ठ्या गोळा करायला लागल्या. मला वाटलं, संकोचल्या. मी उठले, पदर सारखा केला आणि सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ती मी दिली," मी हसून सांगितलं. "मी यांची धाकटी जाऊ, आसावरी. पेणला असते. सांगा ना वहिनी, बाकीच्यांचं सांगितलंत, माझंही सांगा. वाचा चिठ्ठी."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षं ज्या नजरेने त्यांनी पोरांकडे पाहिलं असेल तशी नजर. मग फोनकडे वळून म्हणाल्या, "मैत्रिणींनो, आपला तास इथे संपला. पत्ते नीट, पिनकोडसकट पाठवा. धन्यवाद." आणि बटण दाबून त्यांनी फोन पालथा ठेवला.

"बंद का केलंत?" मी विचारलं.

"बस," त्या म्हणाल्या. "ती माझ्या आईची आहे."

मला कळलंच नाही. म्हटलं, कसं शक्य आहे, मी दिलीय.

"तू दिलीस ते बरोबर. पण तुला कुणी दिली ते आठवतंय का? तुझ्या लग्नात, थोरल्या जावेच्या माहेरचा आहेर म्हणून, माझ्या आईने दिली होती."

वहिनींची आई गिरजाबाई. पेणजवळच्या गावात एका खोलीत राहायची. नवरा लवकर गेलेला, दुकानांना पापड लाटून द्यायची. माझ्या लग्नात ती एका कोपऱ्यात बसली होती. तिने मला काहीतरी दिलं असेल, यापलीकडे मला काही आठवत नव्हतं. पण एक आठवत होतं, आणि ते न आठवतं तर बरं झालं असतं. सासूबाईंनी चिठ्ठी लावताना विचारलं होतं, उघडून बघायची का, आणि मी म्हणाले होते, थोरलीच्या माहेरची ना, मग काय बघायचं त्यात.

"पेणला दुकानात मी गेले होते तिच्याबरोबर," वहिनी सांगत होत्या. आवाज साडी दाखवताना असतो तसाच, सरळ. "दुकानदाराने द्यायच्या साड्या काढल्या, तर ती म्हणाली, नको, नेसायच्या दाखवा. वर्षभराच्या पापडांचे पैसे घेऊन आली होती. मी भांडले तिच्याशी, म्हटलं, एवढी कशाला? तर म्हणाली, नवी मुलगी येतेय, तिला वाटायला नको की थोरलीचं माहेर अगदीच रिकामं आहे. तुला त्या घरात तिच्याबरोबर जन्म काढायचा आहे."

मी खाली बघत होते. भाऊजींच्या हातात दांडी तशीच होती. ती खाली ठेवायची की नाही ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"वास्तुशांतीला तू ती माझ्या हातात दिलीस तेव्हा आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती," वहिनी म्हणाल्या. "मी आत जाऊन रडले. आधी तुझा राग आला म्हणून रडले. मग लक्षात आलं की आईचं माझ्याकडे काहीच नव्हतं. पोळपाट गेला, तिची नऊवारी गेली, सगळं भावांकडे. आणि तू बसल्या जागी मला ही आणून दिलीस. म्हणून तुला कधी बोलले नाही. आताही बोलले नसते. तूच येऊन उभी राहिलीस."

"वहिनी, मला खरंच ठाऊक नव्हतं."

"ते माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पदरावर काय आहे, सांग बरं."

लग्नापासून वास्तुशांतीपर्यंत ती साडी माझ्याच कपाटात होती. मी म्हटलं, "मोर."

"कोयऱ्या आहेत," भाऊजी हळूच म्हणाले.

मला लाज वाटली, फार वाटली. आयुष्यात मी पुष्कळ वेळा लाजल्याचं नाटक केलंय, त्यामुळे खरी कशी असते ते ओळखायला मला वेळ लागला. माफी मागावी असं वाटत होतं, पण आमच्या घराण्यात माफी मागायची पद्धत नाही, साडी द्यायची पद्धत आहे.

वहिनींनी चहा टाकला. सगुणाने पार्सलांचा ढीग पिशवीत भरला. चहा पिताना वहिनींनी उर्वीची चौकशी केली, आमच्या ह्यांचं गुडघ्याचं दुखणं विचारलं, आणि मी निघताना माझ्या हातावर साखर ठेवली. साडी दिली नाही. त्यांनी आता देणंघेणं सोडलंय.

साडेपाचच्या एसटीत खिडकीशी बसले. फोन उघडला तर ग्रुपवर सतरा मेसेज. शेवटी मी कॅमेऱ्यात आलेली सगळ्यांनी पाहिली होती. कुणी हसण्याची चित्रं टाकली होती, कुणी प्रश्नचिन्हं. सगळ्यात खाली नूतनताई: 'ऐन वेळी बंद झालं गं. तुझ्या साडीबद्दल काय म्हणाल्या वहिनी? सगळ्या वाट बघतायत.'

वहिनींनी सगळ्या जगाला सगळ्यांच्या साड्यांचं खरं सांगितलं होतं आणि माझ्या एकटीचं झाकलं होतं. त्या कुणाला सांगणार नाहीत, हेही मला पक्कं माहीत होतं. सांगायचं झालं तर ते मीच सांगायचं होतं. मी उत्तर लिहायला घेतलं. नागोठणं आलं, माणसं उतरली, नवी चढली, गाडी सुटली, आणि माझा पहिला शब्दसुद्धा लिहून झाला नव्हता.